सहा माणसांचं मशीन

पूल अर्धा ओलांडून झाला, तेव्हा वन्संनी खोका उजव्या काखेतून डाव्या काखेत घेतला. मध्ये क्षणभर तो त्यांच्या दोन्ही हातांत होता. तेवढ्यात भावजयीनं हात पुढे केला, तर त्यांनी अंग चोरून तो आणखी जवळ ओढला.

"द्या हो वन्सं. माझे हात काय शोभेचे आहेत?"

"असू दे. तुझ्याकडे पिशवी आहे."

"पिशवीत एक छत्री आणि हातरुमाल आहे फक्त."

"मग त्या छत्रीला घट्ट धर. वारा बघितलास का? तुला उडवून नेलं तर माझ्या भावाला मी काय उत्तर देऊ?"

भावजय हसली. वन्संचं हे नेहमीचंच. समोरच्याला हसवायचं आणि स्वतःच्या तोंडावरची रेघ हलू द्यायची नाही.

वन्सं म्हणजे तिच्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नव्हतं. वडील अकाली गेले तेव्हा भावजयीचा नवरा पाटीवर अक्षरं गिरवत होता, आणि ही थोरली एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात भांडी घासायला लागली. भांड्यांवरून भाज्या चिरण्यावर आली, चिरण्यावरून चुलीवर, आणि शेवटी तिथली मुख्य स्वयंपाकीण होऊन केस पांढरे होईपर्यंत तिथेच राहिली. भावाचं शिक्षण त्याच चुलीवर शिजलं. वसतिगृहातली पोरं वन्संना 'सरकार' म्हणायची. शेवटच्या पोराच्या ताटात पहिली वाढ पडल्याशिवाय पहिल्याला दुसरी मिळायची नाही, मग तो कितीही लाडीगोडी लावो. हे नाव पुढे घरापर्यंत आलं. भावजयीचा नवरा अजूनही विचारायचा, "काय, सरकार काय म्हणतंय?"

मग वसतिगृहानं जेवणाचं काम बाहेरच्या कंत्राटदाराकडे दिलं. वन्संना हार, शाल आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. भटारखान्यामागची खोली सोडून त्या गोदामांच्या रस्त्यावर, एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहायला आल्या. एक खोली, एक खिडकी, खिडकीखाली ओटा. भाऊ म्हणाला होता, आमच्याकडे ये. पण त्याच्या दोन खोल्यांत आधीच माणसं एकमेकांच्या अंगावर. वन्सं म्हणाल्या, "तुमच्याकडे मी निजू कुठे, कपाटावर?" विषय तिथेच संपला.

बस मागून आली आणि त्यांच्या जवळून हळू झाली. भावजय म्हणाली, "वन्सं, बस. चढूया का?"

"जाऊ दे. बसनं गेलं की लवकर पोचतो."

"मग बरंच की."

"लवकर पोचलं की लवकर परत येतो. परत येऊन काय करायचं? चाल गुमान."

भावजय चालत राहिली, पण ते वाक्य तिला टोचलं. सकाळी नवरा डबा घेऊन निघताना दारात थबकून म्हणाला होता, "ताईकडे जातेच आहेस तर नीट बघ. ती वाळत चालली आहे. जेवते की नाही, तेवढं काढून घे तिच्याकडून. नाहीतर डॉक्टरकडे न्यायचं, आणि मग इथेच आणायचं, जागा असो नसो." ती तेवढ्यासाठीच आली होती. तसं वन्संनी स्वतः फोन करून "माझ्याबरोबर बाजारात येतेस का, एक वस्तू बदलायची आहे" असं विचारलं, याचंच तिला नवल वाटलं होतं. वन्सं कधी कुणाकडे काही मागायच्या नाहीत.

आल्याआल्या तिनं नेहमीप्रमाणे सांगून टाकलं होतं, "माझं जेवण झालंय हं, माझ्यासाठी काही करत बसू नका." वन्सं नेहमीप्रमाणे "बरं" म्हणाल्या होत्या.

हा घरातला दंडकच होता आणि तो भावजयीनंच घालून दिला होता. आत्याकडे जायचं तर पोट भरून जायचं. आत्यानं जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांसाठी रांधलं, आता तिला आपल्यासाठी चुलीपुढे उभं करायचं नाही. मुलं लहान होती तेव्हापासून तिनं हे त्यांच्या अंगी लावलं होतं. आता मोठा मुलगा लग्न होऊन बायकोला घेऊन परगावी गेला, तरी आत्याला भेटायला यायचा तेव्हा जिन्यातच ढेकर देत वर चढायचा. आपण वन्संची किती काळजी घेतो, असं भावजयीला मनातून वाटायचं. देवापुढे हात जोडताना ही एक गोष्ट तरी आपण नीट केली, असंही वाटायचं.

तिनं वन्संच्या हाताकडे पाहिलं. घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकात होता, तरी घड्याळ मनगटावरून कोपराकडे घरंगळत होतं.

"वन्सं, या खोक्यात ते भाजीचे लांब दोरे काढायचं मशीनच ना?"

"तेच."

"बिघडलं का?"

"न बिघडायला काय झालं? मी वापरते की कुणी दुसरं?" वन्सं थोड्या दुखावल्यासारख्या म्हणाल्या. "उत्तम चालतं. गाजराची सर काढली तर इथून पुलाच्या टोकापर्यंत जाईल, मध्ये तुटायची नाही. दोन्ही टोकं सपाट कापायची, काट्यावर बरोबर मधोमध बसवायचं, मूठ फिरवायची आणि जोर लावायचा नाही. जोर लावला की दोरा राहत नाही, चंद्रकोरी पडतात. माणसं जोर लावतात आणि मशीनला नावं ठेवतात."

"मग बदलायचं कशाला?"

पुलाचा कठडा संपला, रस्ता उतरणीला लागला.

"मोठं पडतं," त्या म्हणाल्या. "दुधीचा एवढासा तुकडा लावला तरी परात भरते. त्यात एक छोटं येतं, टोकयंत्रासारखं. मुठीत धरायचं, काकडी आत खुपसायची, पेन्सिलीला टोक काढल्यासारखी फिरवायची. एका माणसाला पुरेल एवढं निघतं. मी ठरवलंय आता, एकटीपुरतं रांधायला शिकायचं. दीडशेचा अंदाज हातात बसलाय, एकाचा बसत नाही. मीठसुद्धा चिमटीत धरताना हात चाचपडतो. पण शिकायलाच हवं. उगाच वाट बघत बसण्यात अर्थ नाही."

"कसली वाट?"

"बसची," वन्सं म्हणाल्या.

भावजयीला नवऱ्यानं सांगितलेलं काम आठवलं. तिनं सरळच विचारलं, "तुम्ही वेळेवर जेवता ना, वन्सं?"

"खाते की."

"काय खाता?"

"मधली काडी."

"ती कसली?"

"अगं, मशीनला मधोमध एक भोक असतं. सगळी भाजी दोरा होऊन एकीकडे पडते आणि गाभा काडीसारखा त्या भोकातून बाहेर येतो. पेन्सिलीएवढा. ती काडी कापणाऱ्याची. उभ्या उभ्या खाऊन टाकायची."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं बाकीच्यांचं."

भावजय मोठ्यानं हसली. वन्संचा विनोदच तो, असं तिला वाटलं. वन्सं हसल्या नाहीत, पण त्या तशाही हसायच्या नाहीत.

भांड्यांचं दुकान चौकाच्या कोपऱ्यावर होतं. बाहेर टांगलेल्या गाळण्या आणि झारे वाऱ्यानं एकमेकांवर आपटत होते. आत गल्ल्यावर एक गोल चेहऱ्याची बाई बसली होती. वन्संना पाहताच ती उठूनच उभी राहिली.

"या, या, मावशी! तुमच्यासारखं गिऱ्हाईक मी विसरेन का? अख्खी दुपार खाल्लीत माझी त्या दिवशी." मग भावजयीकडे वळून ती सांगू लागली, "चार मशीनं मांडायला लावली यांनी इथं. विजेवरचं नको, म्हणाल्या, त्याच्या घरघरीत घरात कोण आलं ते ऐकू येत नाही. टेबलाच्या कडेला स्क्रूनं आवळायचं होतं, ते नको, ओट्याची कड जाड आहे. एकाचं पातं निघत नव्हतं, ते बघितल्याबरोबर बाजूला सरकवलं. जे निघत नाही ते धुवायचं कसं, म्हणे. मग हे पसंत केलं. पाती तीन, तिन्ही सुटी, मूठ सुटी, खाली रबराचे पाय. ते पाय ओल्या फडक्यानं पुसून माझ्या काचेवर चिकटवले आणि ओढून बघितले. काच उचलली जाते की काय, असं मला वाटलं!"

"आता ते परत घ्या," वन्सं म्हणाल्या आणि खोका गल्ल्यावर ठेवला. "त्याच्या बदल्यात मुठीत धरायचं छोटं द्या."

"का हो? काही कमी निघालं?"

"कमी नाही. वापरातच आलं नाही फारसं."

दुकानवालीनं खोका उघडला. मशीन पांढरं स्वच्छ होतं. पाती कोरड्या कापडात वेगवेगळी गुंडाळलेली. गाजराचा नारिंगी डाग प्लॅस्टिकवर बसतो, तो कुठे दिसत नव्हता. भावजयीला आठवलं, एकदा वन्सं बोटावर तेलाचा थेंब घेऊन असंच काहीतरी पुसत बसल्या होत्या आणि तिला पाहून त्यांनी ते फडक्याखाली सरकवलं होतं. दुकानवालीनं मूठ ओढून काढली, दिव्याखाली धरली आणि तिच्या भोकात डोकावली. मग हेअरपिनीचं टोक आत घालून तिनं एक दोरा बाहेर काढला. वाळलेला, केसासारखा बारीक, बिटाच्या रंगाचा.

"मावशी," ती हलकेच म्हणाली, "हे वापरलंय की."

वन्संच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आयुष्यात कधी खोटं बोलल्या नसतील, आणि एकदा बोलल्या तर बिटाच्या दोऱ्यापायी पकडल्या गेल्या. भावजयीला त्यांच्याकडे बघवेना. तिनं टांगलेल्या झाऱ्यांकडे पाहिलं.

"कापलंय," वन्सं म्हणाल्या. "ज्यांच्यासाठी कापलं, त्यांनी कुणी खाल्लं नाही. म्हणून मी वापरलं धरत नाही."

"म्हणजे? सहाच्या सहा जणांना आवडलं नाही?"

वन्संनी खोक्याचं झाकण सरळ केलं.

"तुम्हीच नाही का सांगितलंत," दुकानवाली आपल्या भाबडेपणानं म्हणाली, "सहा माणसं आहोत म्हणून? मी छोटं दाखवत होते, तर तुम्ही म्हणालात, त्यानं सहा जणांना कसं पुरेल. भाऊ, भावजय, भावाची दोन मुलं, एक सून आणि तुम्ही. भावाला साखर आहे, डॉक्टरनी पीठ कमी करायला सांगितलंय, म्हणून त्याला पिठाच्या जागी भाजीच्या शेवया करून घालायच्या. मला तर पाठ झालंय. मी घरी जाऊन आमच्या ह्यांना सांगितलं, बहीण असावी तर अशी." मग तिची नजर शेजारी गेली. "तुम्ही कोण यांच्या?"

"भावजय," ती म्हणाली.

"मग तुम्हाला कसं लागलं?"

"मी..." भावजय म्हणाली, "मी खाल्लं नाही अजून."

दुकानवालीला काय कळलं काय नाही, देव जाणे. पण तोंडाचा पट्टा तिनं थांबवला. पाती परत कापडात गुंडाळली आणि म्हणाली, "वापरलेलं परत घेत नाही मी. पण हे इतकं निगुतीनं ठेवलंय की नवं म्हणून काचेत मांडलं तरी चालेल. न्या छोटं. तुमच्यासाठी हो म्हणते."

तिनं मुठीतलं यंत्र काढून वन्संच्या हातात दिलं. हिरवं, दोन्हीकडून निमुळतं, हलकं. वन्संनी ते बंद मुठीत धरलं. दुसऱ्या हाताचं बोट काकडीसारखं आत घालून हवेतच फिरवून पाहिलं, मग पात्याची धार नखावर तपासली. त्यांचा चेहरा वसतिगृहात पोती उतरवून घेताना व्हायचा तसा होता, कोरडा, कामापुरता. भावजय त्यांच्या मुठीकडे बघत राहिली. रविवारी संध्याकाळी आपण सगळे त्या खोलीत खाटेवर रांगेनं बसतो, चहा घेतो आणि 'जेवूनच निघालो' म्हणतो, तेव्हा ओट्यावर ओल्या फडक्याखाली एक परात झाकलेली असते, हे तिला आत्ता दिसलं. तिनं एकदा विचारलंही होतं, "हे काय झाकलंय?" वन्सं म्हणाल्या होत्या, "काही नाही, पसारा."

"नको," भावजय म्हणाली. "मोठंच राहू दे."

वन्संनी मान वळवली. "तू कोण ठरवणार?"

"सहांतली एक."

तिला वाटलं, आता आपल्याला झापतील. वन्सं तिच्याकडे पाहत राहिल्या, जिन्नस पारखावा तसं. मग त्यांनी हिरवं यंत्र हळूच काचेवर ठेवलं आणि दुकानवालीला म्हणाल्या, "रबराचा पाय सुटा मिळतो का? एक सैल झालाय. कापताना मशीन सरकतं."

दोघी परतीच्या वाटेला लागल्या. ऊन उतरलं होतं. कारखान्यातून सुटलेली माणसं समोरून येत होती, प्रत्येकाच्या हातात रिकामा डबा. भावजयीच्या मनात बोलायचं खूप होतं, पण प्रत्येक वाक्य ओठापर्यंत येऊन लाजत होतं. शेवटी पुलाच्या चढावर तिनं धीर केला.

"वन्सं, आम्हाला वाटायचं, तुम्ही जन्मभर चुलीपुढे उभ्या राहिलात. आता आपला भार नको. म्हणून मीच पोरांना सांगायची, खाऊन जायचं."

वन्सं थांबल्या. वारा त्यांच्या पदराशी झोंबत होता.

"तू सांगायचीस?"

"मीच."

"मला वाटायचं, माझ्या हातचं तुम्हाला वसतिगृहाचं लागतं," वन्सं म्हणाल्या. "मोठ्या पातेल्याची चव. पोरं म्हणायची ना, सरकारच्या आमटीत पोहता येतं. मला वाटलं, तुम्हीही घरी तेच म्हणत असाल. म्हणून नवीन काहीतरी करू म्हटलं. या मशीनवरचं तरी वसतिगृहाचं लागणार नाही."

"देवाशपथ, असं कुणी कधी म्हटलं नाही."

"म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मीठ कमी केलं असतं, तिखट वाढवलं असतं. 'जेवूनच आलो' म्हणणाऱ्या माणसाला काय वाढायचं?"

एवढं बोलून त्या चालू लागल्या. चार पावलं गेल्यावर परत थांबल्या आणि खोका भावजयीच्या हातात दिला. तो दिसत होता त्याहून जड होता.

खोलीत आल्यावर वन्संनी आधी हात धुतले, मग ओटा ओल्या फडक्यानं पुसला. जुना रबरी पाय नखानं काढून नवा दाबून बसवला. मशीन ओट्याला चिकटवून ओढून पाहिलं, हललं नाही. दुधीचा तुकडा घेतला, दोन्ही टोकं सपाट केली, काट्यावर मधोमध टोचला आणि मूठ फिरवली. दोरा सुटला. पांढरट हिरवा, ओलसर, एकसंध, परातीत गोल गोल पडत राहिला. खोलीत फक्त पात्याची सरसर होती. भावजय खाटेच्या कडेवर बसून बघत होती. मांडणीत सहा ताटं उभी होती. पुढच्या एकावर तेवढे ओरखडे, मागची पाच कोरीकरकरीत.

गाभ्याची काडी भोकातून बाहेर आली. वन्संनी ती उचलली आणि सवयीनं तोंडाकडे नेली.

"वन्सं, तुम्ही खरंच एवढंच खाता?"

काडी ओठाशी थांबली. वन्संनी ती परातीच्या शेजारी ठेवली आणि मशीन सोडवायला घेतलं. पातं काढून नळाखाली धरलं, दात घासायच्या जुन्या ब्रशनं दात्यांतले तंतू काढले, मग मुठीच्या भोकात काडेपेटीच्या काडीला चिंधी गुंडाळून फिरवली, आजच पकडले गेलेल्या माणसासारखी जरा जास्तच. बोलल्या त्या पाठ करून.

"एवढंच असं नाही. रांधते मी. ताटही वाढून घेते. पण बसवत नाही. आमच्याकडे नियम होता, रांधणाऱ्यानं शेवटी बसायचं. सगळे जेवले का बघायचं, कुणी राहिलं का विचारायचं, मगच आपलं ताट. इतकी वर्षं पाळलं. आता ताट घेऊन बसले की वाटतं, अजून कुणी जेवलं नाही, आपण आधी कसं बसायचं? उठते, दारापर्यंत जाते. जिन्यात कुणी नसतं. परत येते तोवर निवलेलं असतं. मग झाकून ठेवते. सकाळी खालच्या रखवालदाराला देते, तो बिचारा खातो. कसं लागलं ते सांगत नाही." त्यांनी पातं कोरडं करून कापडात गुंडाळलं. "काडीचं बरं असतं. ती उभ्यानं खायची. त्याला जेवण म्हणत नाहीत, म्हणून नियम मोडत नाही."

भावजयीला सकाळपासून शोधायचं होतं ते उत्तर मिळालं होतं, आणि नवऱ्याला ते कसं सांगायचं, हे तिला कळेना. डॉक्टरला तर त्याहून सांगता येणार नव्हतं.

वन्संनी कढई तापवली. दुधीचे दोरे दोनदा परतले, वर मीठ आणि मिरी घातली. फार वेळ ठेवले तर पाणी सुटतं, म्हणाल्या, आणि लगेच उतरवले. सगळ्या खोलीत वास पसरला. भावजय उठली, मांडणीतून एक कोरं ताट काढलं आणि पुढे धरलं.

"वाढा मला."

"जेवून आलीस ना?"

"आले. तरी वाढा."

"पोट भरलंय तुझं. मला दिसतं. दीडशे पोरांची पोटं डोळ्यांनी ओळखली मी." पण त्यांनी झारा उचलला होता. "दोन घास वाढते. उगाच तोंडदेखलं जास्त खाऊ नकोस, अन्नाशी खोटं वागू नये."

भावजय जमिनीवर बसली. डोळे मिटून तिनं देवाचं नाव घेतलं. रोज घ्यायची तेच, पण आज त्यात आणखी काहीतरी मागायचं होतं आणि शब्द सापडले नाहीत. मग तिनं घास घेतला. दोरे लांब होते, ओठांवरून खाली लोंबले. तिनं ते बोटांनी आत ढकलले. वन्सं झारा हातात धरून उभ्याच होत्या.

"मीठ एक कण जास्त झालंय," भावजय म्हणाली.

वन्संच्या तोंडावरची रेघ हलली. "झालंय ना? एकाचा अंदाज येत नाही म्हटलं ना तुला."

"दोघींचा होता."

"दोघींचाही सवयीचा नाही."

भावजयीनं ताट रिकामं केलं, रिकामं झालेलं दाखवलं, आणि म्हणाली, "वन्सं, माझं झालं. कुणी राहिलं नाही. बसा आता."

वन्संनी एकदा दाराकडे पाहिलं. मग ओरखड्यांचं ताट घेतलं, त्यात वाढून घेतलं आणि समोर बसल्या. हळू खाल्लं त्यांनी, खाली बघून, जणू कुणी बघतंय याचीच लाज वाटत होती. खिडकीबाहेर गोदामांचे दरवाजे एकेक करून ओढले जात होते. भावजयीला निघायला हवं होतं. नवरा घरी आला असेल, धाकट्याची शिकवणी सुटली असेल. मोठा आणि सून तर लांबच होते. सहा माणसं या खोलीत पुन्हा कधी एकदम बसतील, हे तिला ठाऊक नव्हतं, आणि आज वन्संना खोटं काही सांगायची तिची छाती नव्हती.

ती चपला घालत असताना वन्सं दारापर्यंत आल्या. ओले हात पदराला पुसत राहिल्या, हात कोरडे झाले तरी.

"एक सांगू?"

"सांगा की."

"भावाला कामातून जमेल तेव्हा जमो. पोरांचं पोरांपाशी. मी त्यांच्यावर रुसले नाही, त्यांना काही म्हणू नकोस." त्या जिन्याकडे बघत होत्या, तिच्याकडे नाही. "पण तू पुढच्या खेपेला येशील ना, तेव्हा घरून जेवून येऊ नकोस. उपाशी ये."